वऱ्हाडावरचे दोन ध्वज आणि तिसरा तिरंगा

१/ १९४७ पूर्वी कामरगाववर कायद्याने कोणाचा ध्वज होता? ‘इंग्रजांचा’ हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. आज वाशीम जिल्ह्यात असलेले हे गाव वऱ्हाडातले. आणि वऱ्हाडात युनियन जॅकसोबत हैदराबादच्या निजामाच्या ध्वजालाही अधिकृत मान होता. हे कसे घडले आणि तिरंग्याने या दोन्ही ध्वजांची जागा कशी घेतली, याविषयी हा धागा.

२/ हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चाची थकबाकी निजामावर साचत गेली. १८५३ च्या तहाने त्याने वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे सोपवला; मालकी मात्र त्याचीच राहिली. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमचा पट्टा मिळवला आणि पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला.

३/ निजामाने मालकीचा आग्रह सोडला नाही. ऑक्टोबर १९३६ च्या कराराने त्याचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य झाले. युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली आणि ब्रिटिश ध्वजाशेजारी आसफजाही ध्वज फडकवण्याचा हक्कही मिळाला. कारभार होता तसाच राहिला. ध्वज दोन, धनी दोन. रयतेला कोणी विचारले नव्हते.

४/ या कराराच्या पंधरा वर्षे आधीच तिसरा ध्वज जन्मला होता. १९२१ मध्ये बेझवाडा येथे पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींना एक आराखडा दाखवला. त्यातून साकारलेल्या ध्वजावर वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली तांबडा पट्टा आणि त्यांवर चरखा होता. त्या वेळी तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा इतर समाजांचा मानला गेला.

५/ वऱ्हाडात या चरख्याला वेगळीच धार होती. येथला कापूस खामगाव-अमरावतीच्या बाजारांतून रेल्वेने मुंबईला आणि पुढे परदेशी गिरण्यांकडे जाई. विलायती कापड आपल्याच बाजारात विकायला येई. कापूस पिकवणारा आणि कापड नेसणारा एकच, मधला नफा तेवढा परक्याचा.

६/ १९२३ मध्ये याच प्रांतात या ध्वजाची कसोटी लागली. जबलपूरला नगरपालिकेच्या इमारतीवर ध्वज लावण्यावरून तंटा झाला. १३ एप्रिलला नागपुरात ध्वज घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघालेली मिरवणूक पोलिसांनी मारहाण करून अडवली. १ मे पासून जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला.

७/ मागणी साधी होती: आपला ध्वज हाती घेऊन सार्वजनिक रस्त्याने चालायचे. रोज तुकड्या निघत आणि रोज अटक होई. बजाज तुरुंगात गेल्यावर वल्लभभाई पटेल यांनी सूत्रे हाती घेतली. दीड हजारांहून अधिक सत्याग्रही कैदेत गेले. अखेर १८ ऑगस्टला मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून अडथळ्याविना गेली.

८/ रंगांच्या धर्मवार वाटणीवर पुढे आक्षेप आले. १९३१ मध्ये सात जणांची समिती नेमली गेली. काका कालेलकर आणि डॉ. ना. सु. हर्डीकर तिचे सदस्य होते. तिने एकरंगी केशरी ध्वज सुचवला. काँग्रेस महासमितीने तो न स्वीकारता केशरी, पांढरा, हिरवा हा क्रम ठरवला आणि रंगांना धार्मिक अर्थ नसल्याचे स्पष्ट केले: केशरी धैर्य व त्यागाचा, पांढरा सत्य व शांतीचा, हिरवा श्रद्धेचा. ‘अमुक रंग अमुक धर्माचा’ असे सांगणारे संदेश आजही फिरतात. तो अर्थ १९३१ मध्येच मागे पडला आहे.

९/ २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने आजचा ध्वज स्वीकारला. चरख्याच्या जागी सारनाथच्या स्तंभावरील २४ आऱ्यांचे चक्र आले, जे दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानाचा अंमल संपला आणि निजामाच्या ध्वजामागची सत्ताही उरली नाही.

१०/ पहिले दोन ध्वज वऱ्हाडात तहांनी आणि करारांनी आले. तिसरा लोकांनी मार खात, तुरुंगात जात आणला. नागपूरची नोंद इतिहासात झाली. गावोगावची फारशी झालेली नाही. १५ ऑगस्ट १९४७ रोजी आपल्या गावात ध्वज कोठे आणि कोणी फडकवला, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि लिहून ठेवा. तो दिवस पाहिलेली माणसे आता नव्वदीकडे झुकली आहेत.