एका जखमेची तीन नावे

एकाच माणसाच्या एकाच जखमेवरील मजकुराला तीन वेगवेगळी नावे मिळाली. जखमी माणसाने आपल्या वह्यांना जे नाव दिले त्याचा अर्थ 'मी लढतच राहीन' असा होतो. त्याच्या डॉक्टरांनी या वह्यांच्या आधारे १९७१ मध्ये रशियन भाषेत पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे नाव 'गमावलेले आणि परत मिळालेले जग'. पुढच्याच वर्षी इंग्रजी भाषांतर निघाले आणि शीर्षक झाले 'भंगलेल्या जगातला माणूस'. मग खरे काय घडले? जग परत मिळाले, की भंगलेलेच राहिले, की लढाई संपलीच नाही? ही तीन शीर्षके म्हणजे मेंदूला इजा झालेल्या माणसाचे पुनर्वसन म्हणजे काय, या प्रश्नाची तीन उत्तरे आहेत, असे मला वाटते. त्यांतले कोणते उत्तर इतिहासाला धरून आहे, ते पाहू.

माणसाचे नाव लेव्ह झासेत्स्की. तूळा शहरात तंत्रशिक्षण घेणारा हुशार विद्यार्थी. युद्ध सुरू झाले, शिक्षण थांबले आणि तो सैन्यात अधिकारी झाला. २ मार्च १९४३ रोजी स्मोलेन्स्कच्या आघाडीवर गोठलेली नदी ओलांडून हल्ला करताना एक गोळी त्याच्या कवटीतून आत शिरली. मेंदूच्या डाव्या बाजूचा, मागचा आणि वरचा भाग दुखावला गेला. जीव वाचला, पण डोळ्यांसमोरच्या दृश्याची उजवी बाजू नाहीशी झाली. स्वतःच्या शरीराची उजवी बाजू कधी हरवे, कधी भलतीच मोठी वाटे. शिकलेला माणूस निरक्षर झाला. स्वतःच्या गावात त्याला स्वतःचे घर सापडेना.

त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस उरल पर्वताच्या परिसरातल्या एका रुग्णालयात त्याची गाठ अलेक्झांडर लुरिया यांच्याशी पडली. लुरिया मूळचे मानसशास्त्रज्ञ, नंतर वैद्यकही शिकलेले. युद्धाच्या सुरुवातीला चेल्याबिन्स्क भागातल्या किसेगाच येथे, एका आरोग्यधामाच्या जागेत, त्यांनी मेंदूच्या जखमींसाठी सुमारे ४०० खाटांचे रुग्णालय उभे केले होते. शस्त्रक्रिया आधीच झालेली, जखम भरत आलेली, आणि तरीही माणूस उभा राहू शकत नाही, बोलू शकत नाही, वाचू शकत नाही, अशांसाठी ते होते. वैद्यकाचे नेहमीचे काम जिथे संपते, तिथे या रुग्णालयाचे काम सुरू होत असे.

या कामाला पूर्वपरंपरा होती. पहिल्या महायुद्धात कुर्त गोल्डश्टाइन यांनी फ्रांकफुर्टमध्ये डोक्याला जखमा झालेल्या जर्मन सैनिकांसाठी संस्था काढली. तिथे तपासणी, शिकवणी आणि कामाची कार्यशाळा एकत्र चाले. रुग्णाला काय येत नाही एवढेच टिपून थांबायचे नाही, न येणारी गोष्ट टाळण्यासाठी तो कोणत्या आडवाटा शोधतो तेही पाहायचे, हा गोल्डश्टाइन यांचा धडा. ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये नाझी राजवटीत त्यांना अटक झाली, देश सोडावा लागला. पुनर्वसनाचे हे शास्त्र युद्धांनी वाढवले आणि राजकारणाने विखुरले. त्याचा इतिहास लिहिताना या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात.

लुरियांचे म्हणणे थोडक्यात असे. लिहिणे, वाचणे, हिशेब करणे यांतले कोणतेही काम मेंदूतल्या एकाच ठिकाणी होत नाही. मेंदूचे अनेक भाग मिळून ते करतात आणि प्रत्येक भाग आपला वेगळा वाटा उचलतो. गोळीने यांतला एक भाग निकामी केला की काम थांबते, पण बाकीचे भाग शाबूत असतात. तेव्हा मेलेल्या पेशी जिवंत करण्याच्या मागे न लागता, शाबूत भागांच्या मदतीने तेच काम वेगळ्या वाटेने करता येते का ते शोधायचे. म्हणून आधी नेमके काय तुटले आहे ते बारकाईने तपासायचे आणि मगच शिकवायचे.

झासेत्स्कीच्या बाबतीत काय तुटले होते, हे समजायला मराठी वाचकाला एक सोपे उदाहरण देतो. 'वडिलांचा भाऊ' आणि 'भावाचे वडील' हे शब्दप्रयोग त्याला वेगळे करता येत नसत. वडील म्हणजे कोण आणि भाऊ म्हणजे कोण हे त्याला ठाऊक होते, पण दोघांना जोडणारा 'चा' कोणत्या दिशेने जातो ते कळेना. हत्ती मोठा आणि माशी लहान, हे तो जाणत होता. पण 'माशी हत्तीपेक्षा मोठी' आणि 'हत्ती माशीपेक्षा मोठा' यांतले खरे वाक्य कोणते, यापाशी तो अडे. आपल्याकडे 'काका' या एका शब्दाने वडिलांच्या भावाचे काम भागते. पण 'मावसबहिणीच्या नणंदेचा दीर' म्हटले की धडधाकट माणूसही क्षणभर थांबून बोटे मोजतो. झासेत्स्कीला तसे प्रत्येक वाक्यापाशी थांबावे लागे. रेडिओवरच्या बातमीचे एक वाक्य उलगडेपर्यंत पुढची चार निघून गेलेली असत.

मात्र मेंदूचा पुढचा भाग, जिथून माणूस बेत आखतो आणि स्वतःकडे पाहतो, तो शाबूत होता. लुरियांनी या गोष्टीला फार महत्त्व दिले. आपले काय गेले आहे हे झासेत्स्कीला पुरते कळत होते. त्याचे दुःख यातूनच आले आणि त्याचे बळही.

आता उपचार. तो पुन्हा अक्षरे शिकू लागला. क्रमाने म्हटली तर अक्षरे आठवत, सुटे अक्षर समोर आले की ओळख पटत नसे. म्हणून तो सुरुवातीपासून म्हणत त्या अक्षरापर्यंत येई. वाचन असे रांगत चालले होते. लिहिणेही तसेच, एकेक अक्षर, आणि लेखणी कोणत्या बाजूला वळवायची याचा गोंधळ. काही महिन्यांनी एका डॉक्टरांनी त्याला सांगितले: अक्षराचा विचार करू नकोस, हात न उचलता सबंध शब्द एका दमात लिही. त्याने लिहिला. स्वतः लिहिलेला शब्द त्याला वाचता येत नव्हता, पण तो बरोबर होता.

ही काही चमत्काराची गोष्ट नाही. लहान मूल लिहायला शिकते तेव्हा प्रत्येक अक्षराचे चित्र डोळ्यांपुढे आणते. मोठ्या माणसाचा हात मात्र शब्दाची चाल पाठ केल्यासारखा फिरतो. झासेत्स्कीचे चित्र पुसले गेले होते, चाल उरली होती. आपल्या मोडी लिपीचा विचार करावा. मोडी लिहिणारा कारकून ओळीची रेघ आधी ओढून घेई आणि मग लेखणी शक्यतो न उचलता अक्षराला अक्षर जोडत जाई. तिथे वेग हाताच्या सवयीतून येतो. रशियन लिपीही हातांनी लिहिताना अशीच जोडून लिहितात. झासेत्स्कीला याच जोडणीने वाट दिली.

त्याच युद्धकाळात लेओन्तेव आणि झापोरोझेत्स हे लुरियांचे सहकारी जखमी हातांवर काम करत होते. 'हात जमेल तेवढा वर करा' म्हटले की सैनिकाचा हात एका उंचीवर थांबे. तोच हात एखादी वस्तू घेण्यासाठी उचलायला सांगितला की आणखी वर जाई. हेतू बदलला की हालचाल बदलते. आपल्याकडे १९५० मध्ये कमला निंबकर यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे विद्यालय सुरू केले. त्या मूळच्या अमेरिकन, विवाहाने मराठी घरात आलेल्या. त्यांच्या कामाचा रशियाशी संबंध नव्हता, पण निव्वळ व्यायामापेक्षा अर्थपूर्ण काम माणसाला लवकर उभे करते, हा या विद्येचा गाभा तोच आहे.

झासेत्स्कीने हे अर्थपूर्ण काम स्वतःच निवडले: आपल्या जखमेची हकीकत लिहायची. एखादा शब्द आठवायला कितीतरी वेळ लागे. शब्द सापडला की वाक्य हरवे. मागचे पान वाचणे म्हणजे पुन्हा अक्षर-अक्षर. दिवसभर बसून अर्धे पान झाले तर तो दिवस चांगला. असे सुमारे २५ वर्षांत ३,००० पानांच्या आसपास लिखाण झाले. आपल्या आठवणी जुळाव्यात आणि आपल्यासारख्यांवर उपचार करणाऱ्यांना काही कळावे, हे त्याचे दोन हेतू होते.

आणि निष्पत्ती? इतकी वर्षे उलटूनही व्याकरणाची गाठ सुटली नाही. दृश्याची हरवलेली बाजू परत आली नाही. अपुरे शिक्षण पुरे झाले नाही. म्हणून 'परत मिळालेले जग' हे शीर्षक मला जास्तीचे वाटते. दुसरीकडे, ज्याचे जग नुसते भंगलेले आहे तो माणूस ३,००० पाने लिहीत नाही, म्हणून इंग्रजी शीर्षक अपुरे वाटते. एकात उपचाराचा विजय आहे, दुसऱ्यात जखमेचा. रोज सकाळी टेबलापाशी बसणारा माणूस फक्त वहीवरच्या नावात दिसतो.

मेंदूच्या दुखापतीच्या रुग्णांच्या घरच्यांशी बोलताना एक प्रश्न मी हमखास ऐकतो: 'पहिल्यासारखे कधी होतील?' प्रश्न मायेचा आहे. पण या प्रश्नाच्या मापाने मोजले तर झासेत्स्कीची पंचवीस वर्षे वाया गेली असे म्हणावे लागेल. लुरियांचे सगळे शास्त्र वेगळा प्रश्न विचारते: काय उरले आहे, आणि त्यातून कोणते काम कोणत्या वाटेने होईल? पहिल्या प्रश्नाला तारीख हवी असते. दुसऱ्याला रोजचा तासभर सराव, सोबतीला माणूस आणि करण्यासारखे काहीतरी काम हवे असते. दवाखान्यातून घरी सोडल्यावर बहुतेकांच्या बाबतीत नेमके हेच तुटते.

मराठीत 'पुनर्वसन' हा शब्द आपण सर्वांत जास्त ऐकला तो धरणग्रस्तांच्या संदर्भात. जुने गाव पाण्याखाली गेलेले असते, ते परत मिळणार नसते. नवी जागा, नवी विहीर, नव्या वाटा, आणि माणसे तीच. 'पूर्वपदावर येणे' याहून हा शब्द अगदी वेगळा आहे. मेंदूच्या जखमेसाठी आपण तो वापरतो, पण त्याच्याकडून अपेक्षा मात्र पूर्वपदाचीच करतो. नव्या गावठाणात घर बांधायला वर्षे लागतात, आणि ते बांधणाऱ्याला कोणीतरी विटा पुरवत राहावे लागते.