पॅलिटॉक्सिन

पॅलिथोआ प्रजातीच्या प्रवाळसदृश प्राण्यांत आढळणारे अत्यंत जहाल विष. हवाई बेटांपैकी माउई बेटावरील हाना भागातील एका डबक्यातले ‘शेवाळ’ भाल्याच्या टोकास लावल्यास जखम प्राणघातक ठरते, अशी दंतकथा होती. त्यास ‘लिमू माके ओ हाना’ (हानाचे प्राणघातक शेवाळ) म्हणत. १९६१ मध्ये संशोधकांनी तेथील नमुने गोळा केले. ते शेवाळ नसून पॅलिथोआ असल्याचे आढळले. आर. ई. मूर व पी. जे. शॉयर यांनी हे विष वेगळे केल्याचे १९७१ मध्ये प्रसिद्ध केले. त्याची संरचना १९८१ मध्ये हवाई व जपान येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे निश्चित केली. पेशीपटलातील सोडियम–पोटॅशियम पंपाचे ते आयनांच्या खुल्या मार्गात रूपांतर करते. त्यामुळे स्नायू व हृदय यांचे कार्य बिघडते.

पॅलिथोआ व त्याचे आप्त झोअँथस घरगुती जलजीवालयांत शोभेसाठी ठेवतात. कठीण कंकालाचा अभाव, बटणासारखे मिटणारे मांसल पॉलिप व कडेला संस्पर्शकांची झालर या त्यांच्या खुणा होत. मात्र विषारी व निर्विष जाती केवळ दिसण्यावरून ओळखता येत नाहीत. २०१८ मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्डशर परगण्यात टाकीच्या सफाईनंतर एका कुटुंबास रुग्णालयात दाखल करावे लागले. म्हणून असे प्राणी असलेला खडक उकळू नये, त्यावर उकळते पाणी ओतू नये किंवा तो कोरडा खरवडू नये. हातमोजे व संरक्षक चष्मा वापरावा. या विषावर विशिष्ट उतारा नाही. उपचार लक्षणांनुसार करतात.