धुकं, सूत आणि घाम

पावसाळ्यात जव्हारहून आमच्या वावरला येताना धुक्यात पुढचं वळण दिसत नाही. ओली हवा थंड होत दवबिंदूला पोचली की वाफेचे थेंब होतात, तेच हे धुकं.

विलिस कॅरियरने 1902 मध्ये ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी यंत्रणा आखली. ओलाव्याने कागद फुगून रंग जुळत नव्हते. पुढे पिट्सबर्गच्या फलाटावर धुकं पाहताना त्याला सुचलं म्हणतात, की दवबिंदू ताब्यात ठेवला तर हवेतला ओलावाही ठरवता येईल. सूत्रं त्याने 1911 मध्ये मांडली. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द मात्र 1906 चा, स्टुअर्ट क्रेमरचा, आणि तोही कापडगिरण्यांसाठी. माणसाचा विचार नंतर!

मुंबईच्या गिरण्यांतही तेच. कोरडं सूत तुटतं, म्हणून खात्यात मुद्दाम ओलावा वाढवायचे. सूत टिकायचं, पण कामगाराचा घाम वाळायचा नाही. साध्या तापमापकात हे दिसतच नाही. शेजारी ओली वात गुंडाळलेला दुसरा ठेवा. कोरडा 35 अंशांवर असताना ओला 25 दाखवत असेल तर आर्द्रता साधारण 45 टक्के. ओला 32 वर गेला तर 80. कोरडा मात्र तसाच, 35 वर.

1948 च्या कारखाने कायद्यात या कृत्रिम ओलाव्यावर स्वतंत्र कलम होतं, पंधरावं. त्याचे मापदंड राज्य सरकार ठरवू शकत असे.