लंडनची मुकी झालेली सूची

ग्रंथालयाचा प्राण सूचीत असतो, हे ब्रिटिश लायब्ररीने २०२३ साली अनुभवले. २८ ऑक्टोबर रोजी खंडणीखोरांनी तेथील संगणकांतील माहिती कुलूपबंद केली व कित्येक सर्व्हर निकामी केले. ग्रंथ फडताळांत सुखरूप होते. परंतु ते शोधावयाचे कसे? खंडणी नाकारण्यात आली, आणि ते योग्यच झाले. माहितीच्या सुरक्षित प्रती होत्या. मात्र त्या उतरवून घेण्यास निर्दोष यंत्रणाच उरली नव्हती, आणि जुन्या प्रणाली तर नव्या यंत्रणेवर चालण्याजोग्याही नव्हत्या. मुख्य सूची १५ जानेवारी २०२४ रोजी परतली, तीही केवळ पाहण्यापुरती. ब्रिटिश म्युझियममधील मराठी-गुजराती ग्रंथांची ब्लूमहार्टकृत सूची १८९२ सालची, छापील; तिला या घाल्याची झळ लागली नाही.