पाश्चात्त्य चाहत्यांच्या मनातील जपान : अ‍ॅनिमे व मांगा यांच्या स्वीकाराचा इतिहास (१९६३ ते २०२४)

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सांस्कृतिक इतिहासात जपानी अ‍ॅनिमेशन (अ‍ॅनिमे) आणि जपानी चित्रकथा (मांगा) यांना अमेरिका व युरोपात लाभलेला चाहतावर्ग ही एक लक्षणीय घटना आहे. या घटनेचे वर्णन बहुधा वाढत्या लोकप्रियतेची कथा म्हणून केले जाते. परंतु चाहत्यांची संख्या वाढत असताना त्यांची भावनाही तीच राहिली, असे मानण्यास आधार नाही. १९६५ मधील अमेरिकी बालक, १९८५ मधील महाविद्यालयीन तरुण आणि २०२० मधील प्रेक्षक हे तिघेही जपानी कलाकृतींवर प्रेम करीत होते. मात्र त्या प्रेमाचा विषय प्रत्येक वेळी वेगळा होता. ही भावना कलाकृतीच्या गुणांइतकीच ती कोणत्या मार्गाने प्रेक्षकापर्यंत पोहोचली यावर अवलंबून होती, अशी मांडणी प्रस्तुत लेखात अमेरिका व फ्रान्स या दोन देशांच्या आधारे केली आहे.

या मांडणीस जपानी अभ्यासक कोइची इवाबुची यांची 'सांस्कृतिक गंध' ही संकल्पना उपयुक्त ठरते. एखादी वस्तू परदेशी जाते तेव्हा तिच्याबरोबर मूळ देशाची खूण जाते किंवा पुसली जाते. पाश्चात्त्य चाहत्यांचा इतिहास हा या गंधाशी बदलत गेलेल्या नात्याचा इतिहास आहे.

ओळख पुसलेला काळ

ओसामू तेझुका यांची 'तेत्सुवान आतोमू' ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि त्याच वर्षी 'अ‍ॅस्ट्रो बॉय' या नावाने अमेरिकेत पोहोचली. फ्रेड लॅड यांनी तिचे इंग्रजी रूपांतर केले. पात्रांची नावे बदलली, जपानी अक्षरे दिसणारी दृश्ये शक्यतो टाळली गेली. १९६७ मध्ये आलेली 'स्पीड रेसर' ही मालिकाही याच रीतीने सादर झाली. युद्ध संपून जेमतेम दोन दशके झाली होती, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते.

परिणामी या पिढीतील असंख्य बालकांनी जपानी निर्मितीवर मनापासून प्रेम केले, पण जपानवर नव्हे. मराठी वाचकास ही स्थिती अपरिचित वाटू नये. १९९३ मध्ये दूरदर्शनवर हिंदीतून आलेली 'जंगल बुक' ही मालिका महाराष्ट्रातील घरोघरी पाहिली गेली. ती निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी संस्थेची निर्मिती होती, हे मात्र फार थोड्या प्रेक्षकांना ठाऊक होते.

चित्रफीत, मंडळे आणि 'मूळ रूपा'ची निष्ठा

सत्तरच्या दशकात लॉस एंजेलिससारख्या शहरांत जपानी वंशाच्या रहिवाशांसाठी चालणाऱ्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांतून यंत्रमानवांच्या मालिका मूळ भाषेत दिसू लागल्या. त्याच सुमारास घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर बाजारात आला. मे १९७७ मध्ये फ्रेड पॅटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस येथे 'कार्टून/फँटसी ऑर्गनायझेशन' हे मंडळ स्थापन केले. जपान आणि अमेरिका या दोन्ही देशांत 'एनटीएससी' ही एकच प्रक्षेपणपद्धती असल्याने जपानमध्ये ध्वनिमुद्रित केलेली फीत अमेरिकी यंत्रावर चालत असे. युरोपातील पद्धती वेगळी असल्याने तेथील चाहत्यांना ही सोय नव्हती. एका तांत्रिक योगायोगामुळे अमेरिकेत फितींच्या देवघेवीचे जाळे उभे राहिले.

आता मूळ आणि रूपांतर शेजारी ठेवून पाहता येऊ लागले. 'गॅचामॅन'मधून 'बॅटल ऑफ द प्लॅनेट्स' (१९७८) तयार करताना हिंसा कापून नवी दृश्ये जोडली गेली होती. हायाओ मियाझाकी यांच्या 'नॉसिका' या चित्रपटाची बरीच काटछाट करून तो १९८५ मध्ये 'वॉरियर्स ऑफ द विंड' या नावाने आणला गेला. त्याच वर्षी कार्ल मेसेक यांनी तीन स्वतंत्र जपानी मालिका एकत्र गुंफून 'रोबोटेक' ही ८५ भागांची मालिका सिद्ध केली. या मालिकेने अनेकांना अ‍ॅनिमेची गोडी लावली. पुढे त्यांच्यापैकीच काहींनी मेसेक यांच्यावर मूळ कृती बिघडविल्याचा आरोप केला. ज्या दाराने आत प्रवेश मिळाला, त्या दाराविषयीच रोष निर्माण व्हावा, हे या टप्प्याचे वैशिष्ट्य होय. पूर्वी पुसला गेलेला गंध आता हेतुपुरस्सर शोधला जाऊ लागला.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस अमिगा संगणक व जेनलॉक या उपकरणाच्या साहाय्याने चाहते स्वतःच उपशीर्षके जोडू लागले. अनुवाद, वेळ जुळविणे, फितींच्या प्रती काढणे व टपालाने पाठविणे ही सर्व कामे हौसेने होत. प्रतीवरून प्रत काढताना चित्र पुसट होत जाई, तरीही ती जपली जाई. हे वितरण कायद्याच्या चौकटीत बसत नव्हते. म्हणूनच त्यांनी स्वतःवर एक नियम घालून घेतला होता. कृतीचे अधिकार अमेरिकेत रीतसर विकत घेतले गेले की तिच्या प्रती वाटणे थांबवावे. हा नियम सर्वांनी पाळला असे नाही. पण आपण ग्राहक नसून विश्वस्त आहोत, ही भावना त्यातून स्पष्ट होते.

या काळाची राजकीय पार्श्वभूमी विसरता येत नाही. जपानी मोटारी व विद्युत उपकरणांमुळे अमेरिकी उद्योग अडचणीत आल्याची भावना तीव्र होती. १९८२ मध्ये डेट्रॉईटच्या परिसरात व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाची मोटारउद्योगाशी संबंधित दोघांनी केलेल्या मारहाणीनंतर मृत्यूशी झुंज संपली; या घटनेकडे जपानविरोधी संतापाचा परिणाम म्हणून पाहिले गेले. १९८७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांनी संसदभवनाच्या आवारात तोशिबा रेडिओवर हातोडे घातले. त्याच देशात, त्याच वर्षांत काही तरुण जपानी मालिकांसाठी जपानी भाषा शिकत होते.

तथापि त्यांचा जपान हाही पुष्कळ अंशी कल्पित होता. 'ओताकू' हा शब्द याचे उत्तम उदाहरण आहे. जपानमध्ये या शब्दाला एकलकोंड्या, छंदवेड्या माणसाची हेटाळणी चिकटलेली होती आणि १९८९ मधील एका बालहत्या प्रकरणानंतर ती अधिकच गडद झाली. अमेरिकी चाहत्यांनी मात्र तोच शब्द अभिमानाने धारण केला. १९९४ मध्ये पेनसिल्व्हेनियात सुरू झालेल्या संमेलनाचे नावही 'ओताकॉन' ठेवले गेले.

फ्रान्स : निषेधाकडून स्वीकाराकडे

फ्रान्समध्ये प्रवास निराळा झाला. ३ जुलै १९७८ रोजी सरकारी वाहिनीवर 'गोल्डोराक' ही मालिका सुरू झाली आणि बालप्रेक्षकांनी ती डोक्यावर घेतली. १९८७ ते १९९७ या काळात 'क्लब डोरोथी' या कार्यक्रमाने जपानी मालिका घरोघरी नेल्या. येथे टंचाई नव्हती. विरोध मात्र होता. १९८९ मध्ये सेगोलेन रॉयाल यांनी लहान मुलांच्या दूरचित्रवाणीवर टीका करणारे पुस्तक लिहिले व जपानी मालिकांतील हिंसेवर कठोर आक्षेप घेतले. वडीलधाऱ्यांच्या नापसंतीमुळे या मालिका एका पिढीची खूण बनल्या. अमेरिकी चाहत्याची निष्ठा दुर्मीळतेतून घडली, तर फ्रेंच चाहत्याची निषेधातून. २०२१ मध्ये १८ वर्षांच्या तरुणांना सांस्कृतिक खरेदीसाठी ३०० युरो देणारी शासकीय योजना देशभर लागू झाली, तेव्हा मांगाची खरेदी इतकी झाली की वृत्तपत्रांनी तिला 'मांगा पास' असे टोपणनाव दिले.

सार्वत्रिक प्रसार आणि हरवल्याची जाणीव

अमेरिकेत 'सेलर मून' (१९९५) आणि 'पोकेमॉन' (१९९८) यांनी चित्र पालटले. सुरुवातीस गंध पुसण्याची सवय कायम होती. 'पोकेमॉन'च्या इंग्रजी रूपात पडद्यावर भाताचे गोळे दिसत असताना पात्रे त्यांना जॅम भरलेले डोनट म्हणत. परंतु २००२ मध्ये टोकियोपॉप या प्रकाशनसंस्थेने मांगा उजवीकडून डावीकडे, मूळ क्रमानेच छापण्यास आरंभ केला व अस्सलपणा हेच विक्रीचे कारण बनविले. २००३ मध्ये मियाझाकी यांच्या 'स्पिरिटेड अवे'ला ऑस्कर मिळाले.

जुन्या चाहत्यांच्या दृष्टीने हा विजय होता. ज्यासाठी त्यांनी श्रम केले ते साध्य झाले होते. पण त्याबरोबरच त्यांची विश्वस्ताची भूमिकाही संपली. आंतरजालावरील प्रसारामुळे नव्या प्रेक्षकास कोणाकडून फीत मागावी लागत नव्हती, कोणाची ओळख करून घ्यावी लागत नव्हती. जुन्या पिढीच्या तक्रारीत अहंकाराचा अंश होता हे खरे. तथापि देवघेवीतून जुळलेले मानवी संबंध नाहीसे होत होते, हेही तितकेच खरे.

विपुलतेचा काळ

२००६ मध्ये सुरू झालेले क्रंचीरोल हे संकेतस्थळ आरंभी चाहत्यांच्या अनधिकृत प्रतींवरच उभे होते. २००९ पासून ते जपानमधील प्रक्षेपणानंतर अल्पावधीत अधिकृत भाग दाखवू लागले. २०२१ मध्ये सोनी समूहाने ते ११७.५ कोटी डॉलरला विकत घेतले. प्रतीक्षा संपली, तशी मालकीही सैल झाली. एप्रिल २०२४ मध्ये फ्युनिमेशन ही सेवा बंद होताच चाहत्यांनी चकतीसोबत मिळविलेल्या डिजिटल प्रतीही नाहीशा झाल्या. पुसट फीत जपणाऱ्या पिढीस ही घटना विशेष सूचक वाटावी अशी होती.

मात्र विपुलतेने केवळ उदासीनता आली, असा निष्कर्ष एकांगी ठरेल. १८ जुलै २०१९ रोजी क्योटो अ‍ॅनिमेशन या संस्थेत लावण्यात आलेल्या आगीत ३६ जणांचा मृत्यू झाला. एका अमेरिकी वितरकाने आरंभलेल्या मदतनिधीत चाहत्यांनी २० लाख डॉलरहून अधिक रक्कम जमा केली. मार्च २०२४ मध्ये अकिरा तोरियामा यांच्या निधनाचे वृत्त येताच फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनीही त्यांना आदरांजली वाहिली. येथे शोक काल्पनिक पात्रांचा नव्हता, तर चित्रे काढणाऱ्या माणसांचा होता.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, पाश्चात्त्य चाहत्यांच्या भावनेचा प्रवास अज्ञानातून निष्ठेकडे व निष्ठेतून परिचयाकडे झाला. 'अस्सल जपान'विषयीची ओढ काटछाट आणि टंचाई यांच्या प्रतिक्रियेतून घडली होती. कारण दूर होताच तिची तीव्रता ओसरणे स्वाभाविक होते. जुन्या चाहत्यांची हळहळ ही जपानी कलाकृतींचा दर्जा घसरल्याचा पुरावा नसून, श्रमाने मिळविलेल्या गोष्टीचे मोल बदलल्याची साक्ष आहे. दुसरीकडे, परिचयामुळे एक नवी शक्यताही खुली झाली. ज्यांना अ‍ॅस्ट्रो बॉय जपानी आहे हे ठाऊक नव्हते, त्यांच्या नातवंडांच्या पिढीने क्योटोतील अनोळखी चित्रकारांसाठी शोक केला. देशाच्या गंधापलीकडे असलेला माणसाचा हात ओळखता येणे, ही साठ वर्षांच्या या इतिहासाची सर्वांत मोलाची निष्पत्ती म्हणावी लागेल.