आधी आरसी बुक, मग कानस

वाळूजला 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि शहागंजच्या फुटपाथवर बसणाऱ्या आम्हा किल्लीवाल्यांचा धंदा बदलला. त्याआधी माझे मामा ट्रंका, कपाटं आणि अलिगढी कुलपं यांवरच पोट भरायचे. मग तेव्हाच्या औरंगाबादेत दारोदारी स्कूटर उभ्या राहिल्या आणि मामांच्या पेटीत गाड्यांच्या कोऱ्या किल्ल्या आल्या.

घराच्या लॅचमध्ये गोल पिना असतात, गाडीच्या कुलपात पितळी पट्ट्या. प्रत्येक पट्टीला मधे चौकोनी भोक आणि बाजूला बारीकशी स्प्रिंग. बरोबर किल्ली गेली की बाहेर डोकावणाऱ्या साऱ्या पट्ट्या आत येतात आणि कुलूप फिरतं. दुहेरी कुलपात काही पट्ट्या किल्लीची वरची कड ओढते, काही खालची. अमेरिकेत फिलो फेल्टर यांनी 1868 मध्येच असं कुलूप काढलं होतं. स्वस्त आणि लहान जागेत बसणारं, म्हणून पुढे ते गाड्यांना सोयीचं ठरलं.

किल्ली हरवलेली गाडी आली की मामा कोरी किल्ली आत घालून हलकेच दाब देत, बाहेर काढून उन्हात तिरपी धरत. पट्टी अडलेल्या जागी केसाएवढी खूण दिसे. तेवढंच घासायचं, मग दुसरी कड बघायची. "घास कमी, बघ जास्त," हा त्यांचा धडा. एक कानस जास्त चालली की किल्ली वाया. जुन्या स्कूटरच्या पट्ट्या इतक्या झिजत की शेजाऱ्याच्या किल्लीनेही कुलूप फिरे. अशा वेळी मामा किल्ली विकत नसत, कुलूपच बदलायला सांगत.

हा हुन्नर मराठवाड्यात शिकलकरी शीख घराण्यांनीही जपला. त्यांचे पूर्वज शस्त्रं घडवत. ते काम सुटल्यावर त्यांचे हात किल्ल्यांकडे वळले. गावात चोरी झाली की पहिला संशय मात्र अशाच हातांवर येतो, आणि तो अन्याय आहे. मामा आरसी बुक पाहिल्याशिवाय कानस उचलत नसत. आमच्या धंद्याची अब्रू त्या एका नियमावर टिकली.

आता चिपच्या किल्ल्या आल्यात, 2020 मधली विजेवरची चेतक तर किल्लीविनाच चालू होते. हाताने किल्ली काढणारे थोडेच उरतील. तुमची किल्ली हरवली तर गाडीचे कागद घेऊन या. जो कागद मागेल, त्याच्याकडूनच किल्ली करून घ्या.