गोळी मिळाली, म्हातारपणाचं काय?

आज आपण एचआयव्हीच्या साथीचा नाही, तर उपचारांचा इतिहास बघणार आहोत. साथीची भीती आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे. गोव्यात १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाला केवळ रक्तात विषाणू सापडला म्हणून ६४ दिवस कोंडून ठेवलं होतं. काम करायला समर्थ असलेल्या माणसाला एचआयव्हीच्या कारणावरून कामावरून काढता येणार नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाला १९९७ साली सांगावं लागलं. त्या निकालात अर्जदाराचं नाव नाही, नुसती अक्षरं आहेत. हे नाव लपवणं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९९६ च्या सुमारास तीन औषधांचा एकत्रित उपचार आला आणि श्रीमंत देशांत मृत्यू झपाट्याने घटले. पण खर्च वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर! आपल्याकडे १९७० चा पेटंट कायदा होता. तो औषध बनवण्याच्या कृतीला पेटंट देई, खुद्द औषधाला नाही; म्हणजे वेगळ्या कृतीने तेच औषध बनवायला मोकळीक. त्या जोरावर मुंबईच्या सिप्लाने २००१ साली हाच उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला. गंमत बघा, गोळ्या मुंबईच्या कंपनीच्या. पण सरकारी कार्यक्रमात त्या फुकट मिळायला १ एप्रिल २००४ उजाडावा लागला. सुरुवात सहा राज्यं आणि दिल्लीत झाली, महाराष्ट्र त्यात होता.

तेव्हा बहुतेकांना शरीर पार खंगल्यावर, सीडी-४ पेशी २०० च्या खाली गेल्यावरच गोळ्या सुरू होत. त्यांत स्टॅव्हुडीन असे. स्वस्त, जीव वाचवणारं. पण पायांना मुंग्या यायच्या, गाल बसायचे. आजार लपवावा तर चेहराच बोलायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ते टप्प्याटप्प्याने थांबवायला सांगितलं. आमच्या मते त्या गोळ्यांवर तगलेली पिढी या इतिहासातली सर्वांत दुर्लक्षित आहे. तेव्हा चाळिशीत असलेला माणूस आज साठी ओलांडून गेलाय, आणि योजना आखताना त्याचं म्हातारपण कुणी धरलंच नव्हतं.

एआरटी केंद्र वेगळं ठेवलं ते योग्यच होतं. तिथे कुणी नाक मुरडत नाही. पण साखर, रक्तदाब, हृदय यांच्या ओपीडी दुसरीकडे, आणि तिथे पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. अनेकजण सांगत नाहीत. २०१७ च्या कायद्याने भेदभावाला बंदी केली, संमतीशिवाय माहिती उघड करायलाही. तरी मनातली धास्ती जात नाही. आणि न सांगणं महागात पडतं बरं का. आज बहुतेकांना डोल्युटेग्रॅव्हिर मिळतं. त्याच्यासोबत मेटफॉर्मिन घेतलं तर मेटफॉर्मिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं, मात्रा बेताने द्यावी लागते. कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यांची वेळही सांभाळावी लागते. साखरेच्या डॉक्टरांना ठाऊकच नसेल, तर ते काय सांभाळणार?

मग वेगळी केंद्रं मोडून टाकायची का? आम्हाला तसं वाटत नाही. २०२२ साली औषधटंचाईविरुद्ध रुग्णांना दिल्लीत नॅकोच्या दारात महिनाभराहून जास्त ठिय्या द्यावा लागला. मूळ गोळीसुद्धा गृहीत धरता येत नाही, हे तेव्हा दिसलं. मोडण्यापेक्षा साखरेची-रक्तदाबाची तपासणी आणि गोळ्या त्याच खिडकीवर, त्याच केसपेपरवर द्याव्यात. तालुक्याहून एसटीने येणाऱ्या साठीतल्या बाईची जिल्ह्याची एक फेरी वाचेल, आणि एका दिवसाची मजुरीही.